खटक्याची वीज आणि उशिरा पोचणारा निरोप

प्रथम एक सोपे गणित करू. मोटारीच्या बॅटरीचा विद्युत् दाब १२ व्होल्ट असतो. तिच्यावर मोबाइल फोन भारित करावयाचा आहे, आणि त्याला हवा आहे ५ व्होल्ट दाब व समजा १ अँपिअर प्रवाह. मधल्या ७ व्होल्टांचे काय करायचे?

सर्वांत सरळ उपाय म्हणजे वाटेत एक रोधक घालून ते ७ व्होल्ट त्याच्यात जिरवून टाकणे. पण १ अँपिअर प्रवाह वाहत असताना ७ व्होल्ट जिरवणे म्हणजे ७ वॅट उष्णता निर्माण करणे. फोनच्या पदरात पडतात ५ वॅट. बॅटरीतून घेतलेल्या १२ वॅटांपैकी निम्म्याहून अधिक नुसती हवा तापवण्यात गेले! हाच हिशेब मेजावरच्या संगणकाला लावून पाहा. त्याच्या मुख्य चिपला सुमारे १ व्होल्ट दाब लागतो आणि काम जोरात चालू असताना प्रवाह १०० अँपिअरपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो. १२ व्होल्टांतून हा १ व्होल्ट रोधकाने काढायचा ठरवले तर ११ गुणिले १००, म्हणजे ११०० वॅट जाळावे लागतील. संगणकाच्या पेटीत एक तापलेली इस्त्री ठेवल्यासारखेच ते होईल.

मग प्रत्यक्षात काय करतात? दाब जिरवत नाहीत. वीज तोडतात आणि जोडतात. बॅटरी आणि फोन यांच्यामध्ये एक खटका बसवायचा आणि तो अतिशय वेगाने चालू-बंद करायचा. खटका चालू असतो तेव्हा त्याच्यातून प्रवाह जातो, पण त्याच्या दोन टोकांमध्ये दाब जवळजवळ नसतो. तो बंद असतो तेव्हा दाब असतो, पण प्रवाह नसतो. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. दोहोंतला एक नेहमी शून्य, म्हणून खटक्यात जळणारी शक्तीही जवळजवळ शून्य. हा खटका बोटाने दाबायचा नसतो, हे सांगायला नकोच. तो असतो ट्रँझिस्टर, आणि तो सेकंदाला एक लाख वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा चालू-बंद होऊ शकतो.

अर्थात फोनला असे तुटक-तुटक धक्के देऊन चालणार नाही. म्हणून खटक्यापुढे दोन गोष्टी जोडतात. एक, तांब्याच्या तारेचे वेटोळे. वेटोळ्यातला प्रवाह एकदम वाढत नाही आणि एकदम थांबतही नाही. फिरत्या जात्याचा खुंटा क्षणभर सोडला तरी जाते फिरत राहते, तसा तो वाहत राहतो. खटका बंद झाला की त्या प्रवाहाला परतीची वाट मिळावी म्हणून एक डायोड बसवलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे धारित्र, ज्याला आपण बाजारात कंडेन्सर म्हणून मागतो. ते पाण्याच्या हौदासारखे आहे: येणारी धार कमीजास्त झाली तरी पातळी फारशी हलू देत नाही.

समजा, एका आवर्तनाचा काळ १० मायक्रोसेकंद आहे, म्हणजे सेकंदाला एक लाख आवर्तने. त्यातले ४.१७ मायक्रोसेकंद खटका चालू आणि उरलेले ५.८३ मायक्रोसेकंद बंद ठेवला. चालू असताना वेटोळ्यावर १२ वजा ५, म्हणजे ७ व्होल्टांचा पुढे ढकलणारा दाब असतो. बंद असताना ५ व्होल्टांचा मागे ओढणारा. आता गुणाकार करा: ७ गुणिले ४.१७ म्हणजे २९.२, आणि ५ गुणिले ५.८३ म्हणजेही २९.२. जेवढे ढकलले तेवढेच ओढले, म्हणून प्रवाह सरासरीने स्थिर राहतो. यातून एक सुटसुटीत नियम निघतो: बाहेरचा दाब म्हणजे बॅटरीचा दाब गुणिले खटका चालू राहण्याच्या काळाचे प्रमाण. १२ गुणिले ०.४१७ बरोबर ५. (खटका आणि डायोड यांच्यात होणारी थोडीशी घट आपण येथे सोडून दिली आहे.)

येथवर सर्व सोपे आहे. खरी गंमत, आणि अडचणही, यापुढे सुरू होते.

बॅटरी १२ व्होल्टांवर राहत नाही

मोटारीचे इंजिन चालू झाले की बॅटरी भारित होऊ लागते आणि तिचा दाब १४ व्होल्टांच्या वर चढतो. आपण चालू-काळाचे प्रमाण ०.४१७ असे पक्के बांधून ठेवले असेल तर १४.४ व्होल्टांतून ६ व्होल्ट बाहेर पडतील. यूएसबीच्या मूळ नियमांत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट एवढीच मुभा होती, हे लक्षात घेतले म्हणजे ६ व्होल्ट किती झाले ते कळेल. उलट, इंजिन सुरू करताना स्टार्टर मोटर एवढा प्रवाह खेचते की बॅटरीचा दाब क्षणभर ९ व्होल्टांपर्यंत किंवा त्याखालीही जाऊ शकतो. त्या वेळी फोनला मिळतील अवघे पावणेचार व्होल्ट.

तेव्हा कोणीतरी बाहेरच्या दाबावर सतत नजर ठेवली पाहिजे आणि तो वाढला तर चालू-काळ कमी, घटला तर जास्त, असे करीत राहिले पाहिजे. हे काम एक छोटी चिप करते. तिच्यात एक स्थिर संदर्भ-दाब असतो. बाहेरच्या दाबाचा ठरावीक अंश त्याच्याशी ताडून पाहायचा. जो फरक येईल ती ‘चूक’. चुकीला योग्य तेवढे मोठे करून तिच्यानुसार खटक्याचा चालू-काळ बदलायचा. परिणामाची बातमी पुन्हा कारणाकडे नेण्याच्या या रचनेला पुनःप्रदाय म्हणतात. इंग्रजी शब्द ‘फीडबॅक’ तुमच्या कानावरून गेलाच असेल. बाहेरून आत, आतून बाहेर असे हे कडे पुरे होते, म्हणून त्याला नियंत्रण-वलय म्हणू.

कल्पना जुनी आहे. जेम्स वॉट याने १७८८ साली आपल्या वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा वेगनियामक बसवला, तो पुनःप्रदायच होता. इलेक्ट्रॉनिकीत तिचा जन्म २ ऑगस्ट १९२७ रोजी झाला असे मानतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचा तरुण अभियंता हॅरल्ड ब्लॅक हडसन नदीतून फेरीबोटीने कामावर जात होता. टेलिफोनच्या प्रवर्धकातली विकृती कशी काढावी हे कोडे त्याला काही वर्षे छळत होते. बोटीवरच त्याला उत्तर सुचले आणि त्याने ते हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर लिहून काढले. पण बराच काळ पुष्कळ लोकांचा त्यावर विश्वास बसेना. बाहेरचा संकेत पुन्हा आत आणला की प्रवर्धक ‘शिट्टी’ मारणार, अशी त्यांना धास्ती होती. गणेशोत्सवाच्या मांडवात माईक कर्ण्यासमोर नेला की जी किंकाळी उठते, तीच ही शिट्टी. ती धास्ती अगदीच अनाठायी नव्हती.

वहीतला खेळ

वलयाची शिट्टी का वाजते? एका वाक्यात सांगायचे तर, निरोप उशिरा पोचतो म्हणून. हे पटण्यासाठी पुढचा खेळ वहीत करून पाहा. दोघे असलात तर अधिक मजा येईल: एकाने खटकेवाला व्हायचे, दुसऱ्याने निरोप्या.

एक संख्या १० वर आणून ठेवायची आहे. सुरुवात ० पासून. दर फेरीला खटकेवाल्याने संख्या १० पासून किती दूर आहे ते विचारायचे आणि तेवढी भर घालायची. निरोप्या ताजी बातमी देत असेल तर एकाच फेरीत काम फत्ते. आता अट घाला: निरोप्या नेहमी एक फेरी जुनी संख्या सांगेल. पहिल्या दोन फेऱ्यांत संख्या ० आणि ० आहे असे धरा. तिसऱ्या फेरीत खटकेवाला १० घालतो; संख्या १० झाली. येथेच थांबायला हवे होते! पण निरोप्या जुनी बातमी सांगतो, ‘अजून शून्यच आहे’. खटकेवाला आणखी १० घालतो, झाले २०. पुढे अशी रांग लागते:

०, ०, १०, २०, २०, १०, ०, ०, १०, २०, २०, १० ...

ही झोके घेणारी रांग कधीच थांबणार नाही. दोघांपैकी कोणीही गणितात चुकलेला नाही. निरोप एक फेरी शिळा होता, एवढेच.

आता खटकेवाल्याला थोडे शांत करू. जेवढी चूक कळेल तिच्या निम्मीच दुरुस्ती करायची. रांग येते ०, ०, ५, १०, १२.५, १२.५, ११.२५, १०, ९.३७५ ... थोडी वर जाते, थोडी खाली येते आणि हळूहळू १० वर स्थिरावते. पाव दुरुस्ती केली तर ०, ०, २.५, ५, ६.८७५, ८.१२५, ८.९, ९.४ ... अशी एकदाही १० च्या पुढे न जाता, पण रमतगमत पोचते. आणि उतावीळपणाने चुकीच्या दुप्पट दुरुस्ती केली तर? ०, ०, २०, ४०, २०, उणे ४०, उणे ६० ... झोके वाढतच जातात. खऱ्या मंडलात दाब असा अमर्याद वाढत नाही. तो आपल्या दोन टोकांच्या मर्यादांवर आपटत राहतो. परंतु फोनच्या दृष्टीने तेही काही कमी वाईट नाही.

नियंत्रण-वलयाची रचना करणाऱ्यापुढचा पेच तुम्हाला यातून दिसला असेल. दुरुस्ती सौम्य ठेवावी तर ती संथ होते. संगणकाच्या चिपने एकाएकी जास्त प्रवाह मागितला की दाब खाली बसतो आणि दुरुस्ती पोचेपर्यंत चिप गडबडते. दुरुस्ती जोरदार ठेवावी तर झोके सुरू होतात.

रबराला टांगलेले कुलूप

आपल्या मंडलात निरोप शिळा कोण करतो? तारेतून बातमी जायला लागणारा वेळ नगण्य आहे. खरा उशीर करतात ते वेटोळे आणि धारित्र, ज्यांना आपण वीज गुळगुळीत करण्यासाठी मुद्दाम बसवले तेच! वेटोळ्यात प्रवाह वाढायला वेळ लागतो आणि धारित्र भरायलाही वेळ लागतो. आज पुष्कळ नियंत्रक चिपांत एक छोटा संगणकच असतो. त्याला हिशेब करायला लागणारा वेळ यात आणखी भर घालतो.

या दोघांची जोडी कशी वागते हे घरी पाहता येते. दोन-तीन रबरबँड एकमेकांत अडकवून माळ करा आणि खालच्या टोकाला एक कुलूप बांधा. वरचे टोक हातात धरून हात अगदी सावकाश वरखाली करा. कुलूप हाताबरोबर मुकाट्याने वरखाली होईल. आता हळूहळू वेग वाढवा. एका विशिष्ट वेगाला कुलूप मोठमोठ्या उड्या मारू लागेल. हात थोडाच हलतो, पण कुलूप फार. (पायावर पडू देऊ नका.) वेग आणखी वाढवा. उड्या लहान होतील आणि नीट पाहिलेत तर एक नवल दिसेल: हात वर जातो तेव्हा कुलूप खाली येते, हात खाली येतो तेव्हा कुलूप वर!

कुलूप म्हणजे वेटोळे, रबर म्हणजे धारित्र, हात म्हणजे खटक्याकडून येणारा सरासरी दाब आणि कुलपाची जागा म्हणजे बाहेरचा दाब. १०० मायक्रोहेन्रीचे वेटोळे आणि १०० मायक्रोफॅरडचे धारित्र घेतले तर उड्यांची ती विशिष्ट कंप्रता सेकंदाला सुमारे १६०० आवर्तने एवढी येते. त्याहून बऱ्याच जलद बदलांना मंडल अर्धे आवर्तन उशिरा, म्हणजे नेमके उलट उत्तर देते. खटकेवाला दाब कमी पडला म्हणून ढकलतो, आणि त्याचा धक्का पोचतो तेव्हा दाब आधीच जास्त झालेला असतो. दुरुस्ती करणाराच चुकीला झोका देऊ लागतो.

म्हणून नियम असा: ज्या कंप्रतेला वलयातून एक फेरी मारून आलेला बदल मूळ बदलाएवढाच मोठा राहतो, त्या कंप्रतेला एकूण उशीर अर्ध्या आवर्तनापेक्षा पुष्कळ कमी असला पाहिजे. अर्धे आवर्तन म्हणजे १८० अंश. निदान ४५ ते ६० अंश हाताशी शिल्लक ठेवतात. या विचाराचा पाया हॅरी नायक्विस्ट याने १९३२ साली घातला. तोही बेल प्रयोगशाळेचाच. त्याच प्रयोगशाळेतल्या हेंड्रिक बोडे याने आलेखांची जी पद्धत दिली, ती आजही प्रत्येक अभियंता वापरतो.

उशीर भरून कसा काढायचा? क्षेत्ररक्षक चेंडू जेथे आहे तेथे धावत नाही, जेथे पडणार तेथे धावतो. त्याचप्रमाणे नियंत्रकाने चूक किती आहे एवढेच न पाहता ती कोणत्या वेगाने वाढते किंवा घटते आहे तेही पाहायचे. वाढता कल दिसताच आधीच आवरते घ्यायचे. याखेरीज तो बारीकसारीक चुका साठवत जातो, म्हणजे दीर्घकाळ राहणारी किंचितशी तूटसुद्धा शेवटी भरून निघते. हे सारे ‘शहाणपण’ जुन्या पद्धतीच्या मंडलात एका प्रवर्धकाभोवतीच्या पाच-सहा रोधकांत आणि धारित्रांत सामावलेले असते.

दोन मंडलांचे एक चित्र

पण ते रोधक किती ओहमचे घ्यायचे? त्यासाठी मंडलाचे गणिती चित्र, म्हणजेच प्रतिमान हवे. आणि येथे अभियंत्यांची बरीच वर्षे पंचाईत झाली होती. कारण खटक्याचे मंडल हे एक मंडल नसतेच. खटका चालू असताना ते एक असते, बंद असताना दुसरे. नायक्विस्ट आणि बोडे यांच्या पद्धती सरळ, न बदलणाऱ्या मंडलासाठी होत्या. सेकंदाला लाख वेळा रूप बदलणाऱ्या या बहुरूप्याला त्या कशा लावायच्या?

१९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील प्राध्यापक आर. डी. मिडलब्रुक आणि त्यांचे विद्यार्थी स्लोबोदान चूक यांनी याचे एक सर्वसाधारण उत्तर मांडले. (हे आडनाव मूळचे तिकडच्या युगोस्लाव्हियातले, आयुष्यभर ‘चूक’ कमी करण्याचे गणित करणाऱ्याला ते लाभावे ही आपल्या मराठी कानांची गंमत!) त्यांची युक्ती अशी: दोन्ही मंडलांची समीकरणे लिहा, आणि ज्याचा जितका काळ त्याला तितके वजन देऊन त्यांची सरासरी काढा.

हे चालते कसे? छताचा पंखा आठवा. पाती वेगाने फिरू लागली की ती वेगवेगळी न दिसता एक धूसर चकती दिसते. वारा किती लागतो हे पाहायचे तर चकतीचे चित्र पुरेसे आहे. आपल्या उदाहरणात रबर-कुलपाच्या एका झोक्याला सेकंदाचा सोळाशेवा भाग लागतो. तेवढ्या वेळात खटका ६० हून अधिक वेळा चालू-बंद होऊन जातो. झोक्याच्या दृष्टीने खटक्याची प्रत्येक उघडझाप दिसतच नाही, दिसते ती तिची सरासरी.

सरासरीचे बळ पाहायचे तर मोटार सोडून दुसरे उदाहरण घेऊ: पॉवर बँक. तिच्यातल्या लिथियम घटाचा दाब ३.७ व्होल्ट, आणि बाहेर हवेत ५ व्होल्ट. म्हणजे येथे दाब वाढवायचा आहे. खटका चालू असताना वेटोळे थेट घटाला जोडले जाते आणि त्यात ऊर्जा भरते. या काळात बाहेर काहीही जात नाही, फोनला एकटे धारित्र सांभाळते. खटका बंद झाला की वेटोळे आपला प्रवाह बाहेर लोटते. पंगतीतल्या वाढप्याप्रमाणे हे चालते: मुदपाकखान्यात जाऊन बादली भरून घ्यायची, मग येऊन वाढायची.

बंद-काळाचे प्रमाण ०.७४ ठेवले तर ३.७ भागिले ०.७४, म्हणजे बरोबर ५ व्होल्ट मिळतात. बाहेर १ अँपिअर द्यायचा तर वेटोळ्यात १.३५ अँपिअर हवा, कारण १.३५ गुणिले ०.७४ म्हणजे १. आता दाब किंचित कमी पडला म्हणून नियंत्रकाने चालू-काळ वाढवला आणि बंद-काळ ०.७० झाला. वेटोळ्यातला प्रवाह एकदम बदलत नाही. तो अजून १.३५ च आहे. मग बाहेर किती पोचेल? १.३५ गुणिले ०.७०, म्हणजे ०.९५ अँपिअर. वाढवायला गेलो आणि आधी कमीच झाले! थोड्या वेळाने वेटोळ्यातला प्रवाह वाढतो आणि मग दाब वर चढतो. पंगत उपाशी आहे म्हणून वाढप्याला ‘मोठी बादली भरून आण’ म्हणावे, तर तो जास्त वेळ आत राहतो आणि पंगत तेवढा वेळ आणखी खोळंबते, तसेच हे. नियंत्रक उतावीळ असेल तर हा पहिला घसरता आकडा पाहून तो चालू-काळ आणखी वाढवील, आणि आकडा आणखी घसरेल. यावर चलाख तोडगा नाही. या प्रकारच्या मंडलात वलय मुद्दाम संथ ठेवावे लागते आणि मधला वेळ निभावण्यासाठी धारित्र मोठे घ्यावे लागते. सरासरीच्या दोन ओळींच्या समीकरणात हा धोका स्पष्ट दिसतो. नुसते सूत्र ‘बंद-काळ कमी करा, दाब वाढेल’ एवढेच सांगून मोकळे होते.

त्याच सूत्रात आणखी एक खाच आहे. बंद-काळ ०.७४ चा ०.७३ केला तर दाब ५ चा ५.०७ होतो, म्हणजे साधारण ०.०७ व्होल्टाने वाढतो. पण बंद-काळ ०.२० चा ०.१९ केला तर १८.५ चा १९.५, जवळजवळ १ व्होल्टाची उडी! बदल तेवढाच, परिणाम चौदापट. म्हणून प्रतिमान नेहमी एका ठरावीक कामाच्या जागेभोवती, लहानशा बदलांपुरते करतात. वक्र रस्ता पावलाभर अंतरात सरळच वाटतो, त्याचाच हा फायदा.

चकतीच्या चित्रात पाती दिसत नाहीत, हेही विसरून चालत नाही. नियंत्रणाची एक लोकप्रिय पद्धत अशी आहे की तीत वेटोळ्यातला प्रवाह ठरावीक शिखराला पोचताच खटका बंद केला जातो. या पद्धतीत चालू-काळ निम्म्याच्या वर गेला की एक आवर्तन लांब, पुढचे आखूड, पुन्हा लांब, अशी फरफट सुरू होऊ शकते. सरासरी काढली की लांब आणि आखूड एकमेकांत विरून जातात आणि दोषाचा मागमूस राहत नाही. या त्रुटीवर पुष्कळांनी काम केले. अमेरिकेतीलच रेमंड रिडली याने १९९० च्या आपल्या प्रबंधात जे सुधारलेले प्रतिमान दिले ते पुढे सर्वत्र वापरले गेले.

वलय न तोडता मोजणे

गणित झाले की पडताळा आलाच. सर्वांत साधी कसोटी म्हणजे बाहेरचा भार एकदम वाढवायचा आणि दाब कसा सावरतो ते दोलनदर्शकाच्या पडद्यावर पाहायचे. एक छोटीशी बुडी आणि लगेच स्थिर रेघ, तर वलय निरोगी. चार-पाच लाटा उठून मग रेघ स्थिर झाली, तर शिल्लक कमी आहे असे समजावे.

नेमके आकडे हवे असतील तर वलय तोडून मोजावे लागेल असे वाटते. पण तोडले की दाब भरकटतो आणि मोजायला काही उरतच नाही. मिडलब्रुक यांनी १९७५ साली दाखवलेली रीत अशी की वलय जोडलेलेच ठेवायचे, त्यात एका जागी लहानशा रोहित्रातून बारीक लहर सोडायची, आणि त्या जागेच्या अलीकडे व पलीकडे ती लहर किती मोठी व किती उशिरा दिसते त्याची तुलना करायची. वैद्याने माणसाला न झोपवता नाडी पाहावी तसे हे आहे.

मिडलब्रुक यांची शिकवण्याची एक आग्रही धारणा होती: पानभर पसरलेले बरोबर उत्तर अभियंत्याच्या कामाचे नसते; उत्तर अशा रूपात मांडावे की कोणता घटक बदलला म्हणजे काय सुधारेल ते त्यातच दिसावे. २०१० साली त्यांचे निधन झाले. शाळेतल्या शिक्षकांना येथे एक सुचवावेसे वाटते. या विषयाची बहुतेक पुस्तके समीकरणांपासून सुरू होतात आणि विद्यार्थी तेथेच अडखळतो. आधी वहीतला खेळ आणि रबराचे कुलूप दाखवा. दोन्हींना मिळून दहा रुपयेसुद्धा लागत नाहीत. ज्याने कुलूप उलटे हलताना पाहिले आहे त्याला १८० अंश म्हणजे काय हे पुन्हा सांगावे लागत नाही.

ओहमचा नियम नुकताच शिकलेल्यांसाठी एक कोडेही आहे. उत्तम नियंत्रण असलेल्या चार्जरला फोनसाठी ५ वॅट द्यायचेच आहेत. बॅटरी १२ व्होल्टांवर असेल तर तो ०.४२ अँपिअर घेतो; बॅटरी १० व्होल्टांवर उतरली तर ०.५ अँपिअर. दाब कमी झाला आणि प्रवाह वाढला! साध्या रोधकाच्या नेमके उलट. बॅटरीच्या बाजूलाही वेटोळे आणि धारित्र यांची एखादी गाळणी बसवलेली असेल, तर या उलट्या वागण्यामुळे तिच्यात झोके सुरू होऊ शकतात, आणि तेही बाहेरचे वलय स्वतः निर्दोष असताना.

आता वहीतल्या खेळाकडे परत जा आणि निरोप्याला एकाऐवजी दोन फेऱ्या जुनी बातमी सांगायला लावा. सुरुवातीच्या तीन फेऱ्या ० धरा. निम्मी दुरुस्ती अजूनही चालते, पण पाऊणपट केली तर झोके वाढत जातात. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी एक सीमा आहे. तेथे झोके वाढतही नाहीत आणि घटतही नाहीत. ०.६ आणि ०.६५ या दोन्ही गुणकांनी तीस-चाळीस फेऱ्या करून पाहा, आणि ती सीमा दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत तुम्हाला पकडता येते का ते बघा.